काळ्या कडेचं पोस्टर

हर्षालीला फ्लेक्सवरच्या माणसांचा मनापासून राग यायचा, आणि तो यायला तिला हक्कही होता, कारण त्यातली निम्मी माणसं तिनेच गोरी केलेली होती. मंचरला हायवेच्या कडेला तिच्या वडिलांचं, गोरखचं, फ्लेक्स छापायचं दुकान. घर अवसरी खुर्दला, इंजिनिअरिंगचं कॉलेजही तिथंच, पण सुट्टी आली की पोरगी दुकानात कॉम्प्युटरपुढे. ज्याचा वाढदिवस तो मधोमध, डोक्यावर नेत्यांची रांग, पायाशी मित्रमंडळ, आणि झाडून सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल. "ताई, जरा उजळ करा," हे प्रत्येकाचं ठरलेलं. फ्लेक्स चौकात लागला की माणसं खाली उभी राहून आपापला चेहरा शोधतात आणि सापडला की निघून जातात. तो फ्लेक्स वाचत कुणीच नाही.

आपण केलेल्या एखाद्या कागदापुढे मंचरमधलं एक तरी माणूस थांबावं आणि त्याने तो वरपासून खालपर्यंत वाचावा, एवढीच तिची इच्छा होती. ऐकायला ही इच्छा किरकोळ वाटते, पण तिने पोरीला स्वस्थ म्हणून बसू दिलं नव्हतं. जेवायला बसली तरी ताटातल्या भाकरीकडे बघून हा गोल कागदावर कुठे बसेल याचा विचार, आणि मग आईच्या शिव्या.

कागद होता बँडचा. बँडचं नाव थ्री फेज, आणि माणसंही तीनच. गिटार पीयूषकडे. मंचरच्या बाजारात कांद्या-बटाट्याची आडत असलेल्या पारसमल शेठचा हा नातू. ड्रम आदेशकडे. तो डिंभ्याचा, बाप धरणात मासे धरणारा, आणि तो स्वतः वरातीपुढे बँजो पार्टीत वाजवून तयार झालेला. गायला समृद्धी, हर्षालीच्याच वर्गातली. गायला म्हणजे ओरडायला. पण ओरडायची अशी की ऐकणाऱ्याला वाटावं, हिच्या हातातून कुणीतरी खरंच काहीतरी हिसकावून घेतलंय. गाणी दोन-अडीच मिनिटांची, एका दमात सुरू आणि एका दमात बंद. सगळ्यात गाजलेलं, म्हणजे त्या चौघांत गाजलेलं गाणं शेतीपंपाला रात्रीचीच वीज मिळते त्यावर होतं. शब्द एवढेच: दिवसा द्या, दिवसा द्या, लाईट आम्हाला दिवसा द्या. हर्षाली स्वतः काहीच वाजवायची नाही. "थ्री फेजला न्यूट्रल लागतो, तो मी," असं ती सांगायची.

पोस्टरचं वेड तिला फोनवरून लागलं. परदेशातल्या जुन्या पंक बँडांचे कागद तिने तिथं पाहिले. कात्रीने कापलेले, तिरके चिकटवलेले, झेरॉक्सवर झेरॉक्स काढून काळेकुट्ट झालेले. अक्षरं वर्तमानपत्रातून कापलेली, एक मोठं तर एक बारीक. फोटो फाडलेले, डोळ्यांवर पट्ट्या मारलेल्या. चेहरा उजळ केला नाही तरी चालतं, हे तिला पहिल्यांदा तिथं कळलं. मग तिने वडिलांचं मोठं मशीन सोडलं आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे ठाण मांडलं. खताच्या गोण्यांवरची अक्षरं कापली, जुन्या लग्नपत्रिकांवरचे गणपती सोडून बाकी सगळी वेलबुट्टी कापली.

"नुस्ती कापाकापी," गोरख गिऱ्हाइकांना सांगायचा. "घरात कलरचं मशीन, आन् ही झेरॉक्स काढत हिंडती."

पण या कागदांचा उपयोग काय, हा प्रश्न होताच. मागचा कार्यक्रम जुन्नरला झाला, एका मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये. ऐकायला समृद्धीचा मामा, मामाने दम देऊन आणलेला त्याचा मेहुणा आणि जनरेटरवाला. त्यातला जनरेटरवाला तेवढा शेवटपर्यंत थांबला, कारण जनरेटर त्याचा होता. परत येताना आदेश टेम्पोत तोंड फिरवून बसला. नारायणगावला चहाला उतरले तेव्हा म्हणाला, "चाकणच्या कंपनीत बोलावणं आलंय मला. अजून येक कार्यक्रम करू. माणसं आली तर ऱ्हातो, न्हाई आली तर जातो. रिकाम्या खुर्च्यांपुढं मला न्हाई वाजवायचं राव."

तेव्हापासून हर्षालीचा जीव टांगणीला लागला. आदेश गेला की बँड संपला, आणि बँड संपला की तिचा कागदही संपला. मग पुढचा जन्म गॉगलवाल्यांना उजळ करण्यात.

जागा पीयूषने मिळवली. बटाटा अजून यायचा होता, आजोबांचं गोडाऊन रिकामं पडलं होतं. बँडचा सराव शेठच्या दुकानाच्या माडीवर चालायचा आणि खालून शेठ काठीने छत ठोकायचे. त्यांनी गोडाऊन दिलं ते कौतुकाने नव्हे, वैतागून. "येकदाचा करा तो धिंगाणा, आन् माझी माडी मोकळी करा," म्हणाले, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पुण्याला लेकीकडे निघून गेले. पीयूषचे आईवडीलही सोबत गेले. दुकानाचं शटर खाली आलं.

आता पोस्टरवर कोण? हर्षालीने विचारसुद्धा केला नाही. जो माणूस रोज आवाज बंद करा म्हणून काठी आपटतो, त्याचाच चेहरा. पीयूषने हसत हसत घरातून आजोबांचा तरुणपणीचा फोटो आणला, डोक्याला साफा बांधलेला. तिने तो मोठा केला, कडा फाडल्या, डोळ्यांवर काळी पट्टी मारली. वर कापलेल्या अक्षरांत 'थ्री फेज', पण इतकं तिरकं आणि तुटक की कुणाला वाटावं फोटोची काच तडकली आहे. खालचा मजकूर मात्र पीयूषच्या हट्टाने सरळ आणि ठळक ठेवला: रविवार, सायंकाळी पाच, पारसमल शेठ यांचे गोडाऊन, मंचर. झेरॉक्स काढताना तिने मशीनचं झाकण मुद्दाम उघडं ठेवलं. तसं केलं की कागदाला चारी बाजूंनी जाड काळी कड येते. ती कड तिला फारच आवडली.

शनिवारी मैद्याची खळ घेऊन ती आणि आदेश मोटारसायकलवर फिरले. मंचरचं स्टँड, बाजार समितीची भिंत, जुन्नरची बाजारपेठ, आणि डिंभ्याचा तो थांबा, जिथे एसटी आपल्या मनाला येईल तेव्हा येते. शेवटचा एक कागद तिने खोडी म्हणून शेठच्याच बंद शटरवर लावला, आणि सगळं तिथंच बिनसलं.

रविवारी सकाळी ती दुकानात आली तर गोरख तोंड पाडून बसलेला.

"पारसशेठ गेले," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? शटरवर कागद लागलाय. पुण्यालाच गेले म्हणं, डोळ्याचं निमित्त झालं. आज पाचला उठावणा हाय." मग त्याचं खरं दुखणं बाहेर आलं. "येवढी वळख आपली. समोरासमोर दुकान. आन् कागद दुसरीकडनं करून घेतला, तोबी झेरॉक्स. माझ्याकडं आले असते तर मी फुकाट दिला असता करून. कलरमदी. मागं ढग टाकून."

उठावणा म्हणजे मारवाडी जैन घरांतली शोकसभा. ठरल्या वेळी लोक पांढऱ्या कपड्यांत येतात, थोडा वेळ गप्प बसतात आणि हात जोडून उठून जातात. बाजाराला त्याची खबर मिळते ती अशीच, दुकान बंद आणि शटरवर काळ्या कडेचा कागद. तो कागद बाजारातलं माणूस काही पुरता वाचत नाही. फोटो कुणाचा, वार कोणता, वेळ काय आणि यायचं कुठं, एवढं बघितलं की झालं. हर्षाली याच बाजारात लहानाची मोठी झालेली, पण श्रद्धांजलीचे जे फ्लेक्स तिच्या हाताखालून गेले ते सगळे रंगीत, ढगांसकट. जैन घरं अजून साधा काळा-पांढरा कागद लावतात, हे पाहूनही तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

तिला आधी हसू फुटलं. ते लपवायला ती कॉम्प्युटरमागे वाकली आणि मग आपण काय करून बसलोय ते तिच्या ध्यानात आलं. "पप्पा" म्हणून तिने तोंड उघडलंही. पण गोरख सांगत होता की व्यापारी येणार, हमाल येणार, मापाडी येणार, अख्खा बाजार येणार. अख्खा बाजार हे शब्द कानात शिरले आणि तिने तोंड मिटलं.

पीयूषचा फोन तिच्या टेबलावर चार्जिंगला लावलेला होता, कारण गोडाऊनमधले सगळे प्लग स्पीकरांनी अडवले होते. दुपारी तो वाजला. वर नाव आलं, चेतना भाभी, जुन्नर.

"पीयूषभैया?" आवाज रडवेला होता. "सासूबाईंनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला न्हाई. आमाला कुणीच कळवलं न्हाई. बाजारात भिंतीवर कागद बघितला कुणीतरी, तवा कळलं. मामाजींच्या घरी कुणी फोन उचलत न्हाई, आन् उचलतील तरी कसे. उठावणा पाचलाच हाय ना?"

हर्षाली खुर्चीतून उठली आणि परत बसली. एक वाक्य बोलायचं होतं, ते धडधाकट आहेत, तो कागद गाण्याचा आहे. बास. पण ते वाक्य जुन्नरला पोचलं की तिथून मंचरला यायला वेळ लागणार नव्हता, आणि मग पाच वाजता गोडाऊनमध्ये पुन्हा एक मामा, एक मेहुणा आणि जनरेटरवाला. आदेशचा टेम्पोतला चेहरा तिला दिसला.

"हो," ती म्हणाली. "पाचला."

पलीकडून फोन बंद झाला. कार्यक्रम पाचलाच आहे, मी खोटं काय बोलले, असं ती मनाशी म्हणत राहिली. म्हणता म्हणता तिचे कान तापले. दुकानात तिला बसवेना म्हणून पीयूषचा फोन मुठीत घेऊन ती गोडाऊनवर गेली, तिथं रिकाम्या पोत्यांची बैठक अंथरली, झाडलेली जागा पुन्हा झाडली, पीयूषला सांगायचं म्हणून दोनदा त्याच्याजवळ गेली आणि दोन्ही वेळा वायर कुठे जोडायची तेवढंच विचारून परत आली.

पाचच्या आधीच माणसं यायला लागली. पांढरे शर्ट, पांढऱ्या टोप्या, चपला दाराबाहेर ओळीने काढलेल्या. बायका एका अंगाला बसल्या. स्पीकर बघून कुणी काही बोललं नाही. शेठ मोठं माणूस, भजन ठेवलं असेल. ड्रममागे बसलेल्या आदेशचा चेहरा असा फुलला की हर्षालीला त्याच्याकडे बघवेना. पीयूष मात्र तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "सगळे पांढऱ्यात का? आणि कुणी बोलत का नाही?" तेवढ्यात हमालांचा मुकादम हौशीराम पुढे आला, त्याने पीयूषचे दोन्ही हात धरले, "लई वाईट झालं राव," म्हणाला आणि जाऊन पुढच्या रांगेत बसला.

पीयूष त्याच्या पाठीकडे बघत राहिला. त्याच्या डोक्यात उजेड पडायला आणि बाहेर गाडी थांबायला एकच गाठ पडली. गाडीतून आधी त्याचे वडील उतरले, आणि मग पांढरी टोपी घातलेले, काळा चष्मा लावलेले, काठी टेकत, खुद्द पारसमल शेठ.

पुढच्या रांगेतले दोघे-तिघे अर्धवट उठले.

"कोण गेलं?" शेठनी विचारलं.

हौशीरामने दाराजवळच्या भिंतीवरचा कागद सोडवला आणि त्यांच्या हातात दिला. शेठनी चष्मा वर केला, कागद नव्या डोळ्याजवळ नेला आणि बोट फिरवत वाचायला लागले. वरपासून खालपर्यंत, तिरकी अक्षरंसुद्धा, एक न सोडता. मंचरमधलं एक माणूस शेवटी हर्षालीच्या कागदापुढे थांबलं होतं, आणि तिला मात्र जमिनीत शिरावंसं वाटत होतं.

"थ्री फेज," शेठ म्हणाले. "म्हंजे माझ्या माडीवरचं लचांड." मग सभेकडे वळले. "अरे, डोळा करून आलोय मी. बाकी सगळा धड हाय."

मागे कुणीतरी खुसकन हसलं, आणि बघता बघता ते हसू सगळ्या पांढऱ्या रांगांतून फिरलं. शेठ हसले नाहीत.

"मला कापलं कुणी?"

हर्षालीने हात वर केला. गोरखने त्या हाताकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मी केलं, दादाजी. पण ते मरणाचं न्हाई, गाण्याचं हाय."

एवढ्यावर थांबली असती तर निभावलं असतं. लोक हसत होते, घरी जाऊन आठवडाभर सांगायला गोष्ट मिळाली होती. पण तिच्या हातात पीयूषचा फोन वाजला. चेतना म्हणत होती, हायवेला लागलो, आता पोचतोच. हर्षालीने फोन खाली केला आणि सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं.

"जुन्नरहून येतायत. दुपारी त्यांचा फोन आला व्हता, उठावणा पाचला का म्हणून. मी हो म्हणाले. मला सगळं म्हाईत व्हतं तरी हो म्हणाले. माणसं यावीत म्हणून."

हसू जागच्या जागी विरलं. पीयूषचा रंग उतरला. "भुवादादी येतायत?" तो म्हणाला. "हर्षाली, तू काय केलंस हे?"

मग त्याने तिला बाजूला घेऊन सांगितलं. भुवादादी म्हणजे उगमबाई, चेतनाभाभीची सासू आणि पारसमल शेठची धाकटी बहीण, जुन्नरला दिलेली. त्यांची आई वारली तेव्हा शेठनी बहिणीला निरोप द्यायचं काम दुसऱ्यावर सोपवलं, त्याने तिसऱ्यावर, आणि उगमबाईंना आई गेल्याचं कळलं ते जुन्नरच्या बाजारात, भिंतीवरच्या कागदावरून. त्या उठावण्याला आल्या, भावासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आईचं तोंड तू मला कागदावर बघायला लावलंस. आता तुझंबी कागदावरच बघीन." तो त्यांनी नियमच धरला, आणि त्यांचा नियम म्हणजे उपवासाइतका कडक. शेठ दर राखीला जुन्नरला जायचे, बंद दारापुढे थोडा वेळ उभे राहायचे आणि परत यायचे.

आणि आता ती बाई पुन्हा भिंतीवरचाच कागद बघून येत होती. दारात पाऊल टाकल्यावर समोर जिवंत भाऊ दिसला असता, तर इतक्या वर्षांचा नियम एका पोरीच्या खोडीने मोडला असता. हर्षालीला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तिला रडायला येत होतं, पण रडायचा आपल्याला अधिकार नाही हेही कळत होतं.

"फोन करून सांगतो, दादाजी," पीयूष म्हणाला. "वाटेतनंच माघारी फिरतील."

"माघारी कशाला?" शेठ एकदम म्हणाले. "कुणी फोन करायचा न्हाई." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, एक प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि दाराकडे तोंड करून बसले. मग हर्षालीकडे बघून म्हणाले, "पोरी, यातला मोठा हाय का एखादा?"

मोठा होता. ड्रमपुढे लावायला तिने कागदाला कागद जोडून एक भलाथोरला केला होता. तो तिने काढून आणला. शेठनी तो दोन्ही हातांनी धरून तोंडापुढे उभा केला. कपाळापासून पोटापर्यंत शेठ दिसेनासे झाले. बाहेर राहिली ती कागदाच्या कडांवरची बोटं, खाली धोतर आणि मांडीला टेकवलेली काठी.

उगमबाई चेतनाच्या खांद्यावर हात ठेवून आल्या. पांढऱ्या साडीचा पदर कपाळावर ओढलेला, रडून डोळे सुजलेले. त्यांना आधी सभा दिसली आणि मग खुर्चीतला तो कागद. घशातलं रडणं तिथल्या तिथं थांबलं. कागदाच्या कडेवरच्या उजव्या अंगठ्याचं नख भावाच्या लहानपणी दारात चेमटून गेलेलं, ते परत कधी सरळ आलं नव्हतं. बहिणीला ओळखायला तेवढं पुरलं. चेतनाच्या तोंडून "मामाजी" निघालं.

"उगम," कागदामागून आवाज आला. "कागदच हाय हा. तुझा नियम मोडत न्हाई. बस."

उगमबाई उभ्याच राहिल्या. हर्षालीने दुसरी खुर्ची नेऊन त्यांच्या मागे ठेवली आणि हात जोडले. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. बऱ्याच वेळाने त्या बसल्या, कागदापासून हातभर अंतरावर.

त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. समोर अख्खा बाजार कान टवकारून बसला होता. उठावण्यातून बहिणीच्या आधी कसं उठायचं, हा एक भाग, आणि असलं ऐकायला पुन्हा कुठं मिळणार, हा दुसरा. हौशीराम तर नीट ऐकू यावं म्हणून पुढे सरकून बसला. उगमबाईंनी पुन्हा तोंड उघडलं, डोळ्यांच्या कोपऱ्यातून माणसांकडे पाहिलं आणि ओठ घट्ट दाबले. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं आणि ते बाजारात मांडायचं कसं? खुर्चीच्या हाताला धरून त्या उठायला लागल्या.

हर्षाली ड्रमकडे धावली.

"वाजव," ती आदेशला म्हणाली.

"आत्ता? येड लागलंय का तुला?"

"आत्ताच. जेवढं जोरात येईल तेवढं वाजव. त्यांचं कुणाला ऐकू गेलं न्हाई पायजे."

आदेशने एकदा त्या दोन खुर्च्यांकडे पाहिलं आणि काठ्या उचलल्या. पहिल्या ठोक्याला गोडाऊनचे पत्रे हादरले. पीयूषची गिटार करकरली, समृद्धी ओरडायला लागली. पुढच्या रांगेने कानांवर हात ठेवले. उगमबाई दचकून खाली बसल्या, क्षणभर तशाच बसून राहिल्या, आणि मग त्या गोंगाटाच्या आडोशाने त्यांचे ओठ हलायला लागले. काय म्हणत होत्या ते कुणालाच कळलं नाही. बोट कागदावर रोखलेलं होतं, मान जोरजोरात हलत होती. त्या भांडत होत्या. कागद थरथरत होता, आणि त्याच्या वर अधूनमधून एक पांढरी टोपी होकार दिल्यासारखी डोकावून खाली जात होती.

गाणं संपलं आणि समृद्धी सवयीने थांबली. "...येक माणूस धाडता आला न्हाई तुला?" एवढं अर्धं वाक्य सगळ्या गोडाऊनने ऐकलं. उगमबाईंनी तोंडाला पदर लावला. टाळी कुणी वाजवली नाही, पांढऱ्या कपड्यांत टाळ्या वाजवतात का हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"थांबायचं न्हाई," हर्षाली ओरडली. "एक संपलं की लगेच दुसरं. मधे श्वाससुद्धा घेऊ नका."

त्यांनी दुसरं धरलं, मग तिसरं. होती नव्हती ती सगळी गाणी संपली, मग परत पहिल्यापासून. दिवसा द्या, दिवसा द्या. रात्री-अपरात्री मोटार चालू करायला शेतात जाणारी निम्मी माणसं त्या सभेत होती. त्यांना शब्द कळले तेव्हा त्यांनी कानांवरचे हात काढले, आणि गोरख पोरीकडे टक लावून बघत राहिला. समृद्धीचा घसा बसला, तिच्या तोंडातून नुसती हवा यायला लागली. पीयूषची एक तार तुटली, मग दुसरी. शेवटी उरला एकटा आदेश. वराती गाजवलेला गडी, पण त्याचेही हात भरून आले होते आणि घाम डोळ्यांत उतरत होता. त्याने मान वर करून हर्षालीकडे पाहिलं. बास करू का, असं विचारत होता.

ती त्या दोन खुर्च्यांकडे बघत होती. आता शेठ बोलत होते, कागद त्यांच्या श्वासाने पुढेमागे होत होता, आणि उगमबाई ऐकत रडत होत्या. त्यांचा हात वर गेला आणि कागदाच्या काळ्या कडेवर जाऊन थांबला. कागद खाली ओढायला गेला की पडू नये म्हणून धरायला, ते इथून समजत नव्हतं.

आज पहिल्यांदा एवढी माणसं थ्री फेजपुढे बसली होती, आणि हर्षालीला जीव तोडून एकच वाटत होतं, की यातल्या एकालाही त्या दोघांचा एक शब्द ऐकू येऊ नये. तिने आदेशकडे बघून नाही अशी मान हलवली. त्याने काठ्या पुन्हा घट्ट धरल्या आणि होता नव्हता तो जोर लावून वाजवायला लागला.